पचमढी की चिखलदरा

नागपूरकरांनी दिवाळीच्या सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जायचे ठरवले की दोन नावे पुढे येतात: पचमढी आणि चिखलदरा. दोन्ही सातपुड्यात आहेत, दोन्हींची उंची अकराशे मीटरच्या आसपास आहे आणि दोन्ही ठिकाणी मोटारीने पाच-सहा तासांत पोहोचता येते. पचमढी मध्य प्रदेशात आहे, चिखलदरा महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्यात. एकाच पर्वतरांगेत, इतक्या जवळ, दोन वेगळी गिरिस्थाने का वसवली गेली, त्यांतले एक परराज्यात कसे गेले आणि ज्या ऋतूत गोरे अधिकारी या जंगलात पाऊल टाकायला धजत नसत तो ऋतू सहलीचा कसा झाला, या प्रश्नांची उत्तरे डोंगरांच्या रचनेपेक्षा नागपूर आणि वऱ्हाडच्या राजकीय इतिहासात सापडतात.

या दोन डोंगरांकडे जाणारे रस्ते पूर्व नागपुरातील कळमन्याला चांगले ठाऊक आहेत. कळमना हे एके काळचे गाव आज महानगराचा भाग आहे. नागपूर–हावडा मार्गावर इतवारी आणि कामठी यांच्या दरम्यान त्याचे रेल्वे स्थानक आहे. पण त्याचे नाव विदर्भभर झाले ते पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डामुळे. धान्य, मिरची, भाजी, फळे यांचा ठोक व्यापार शहराच्या गर्दीतून इथे आला. संत्र्यांचा जुना बाजार मुख्य रेल्वे स्थानकाच्या पूर्वेला होता, त्या भागाला लोक अजून संत्रा मार्केटच म्हणतात. लिलाव मात्र कळमन्यात होतात. आंबिया बहराची संत्री सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत येतात आणि त्यांच्या गाड्या मुख्यतः दोन दिशांनी उतरतात. एक दिशा काटोल, वरूड, मोर्शीची. हाच रस्ता पुढे अचलपूर-परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतो. दुसरी सावनेर, सौंसर, पांढुर्ण्याची. सौंसरवरून पुढे छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि मग पचमढी. शरद हा या बाजाराच्या धावपळीचा काळ. सोयाबीन, कापूस, संत्री, सारे एकाच वेळी घरात आणि बाजारात येते. त्यामुळे अडतिये, मापारी, हमाल, गाडीवाले यांना मोकळीक मिळते ती लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे लिलाव थांबतात तेवढीच. दोन-तीन दिवसांत जाऊन परत येता येईल असा डोंगर त्यांना हवा असतो, आणि तसे डोंगर दोनच आहेत.

इंग्रजांनी बंगले बांधण्याच्या आधीपासून हे दोन्ही डोंगर नागपूरच्या भोसल्यांच्या अडचणीच्या काळाशी जोडलेले होते. चिखलदऱ्याला लागून असलेला गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास बांधला. गवळ्यांची वस्ती तिथे त्याच्याही आधीपासून होती असे मानतात. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात हा गड दुसऱ्या रघुजी भोसल्यांकडे होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि त्यांचे सैन्य गाविलगडाच्या आश्रयाला गेले. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेला आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून चालून आला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने उत्तरेच्या बाजूने, जिथे वाटच नव्हती तिथून, जड तोफा माणसांच्या बळावर दऱ्या-टेकड्या ओलांडत ओढून नेल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी गड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात रघुजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले आसपासच्या परगण्यांसह त्यांच्याकडे राहिले.

पचमढीच्या डोंगराची हकीकत १५ वर्षांनंतरची आहे. इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, म्हणजे नोव्हेंबर १८१७ नंतर, नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती सापडले. १८१८ च्या मे महिन्यात त्यांना बंदोबस्तात उत्तरेकडे नेत असताना जबलपूरच्या वाटेवर त्यांनी शिपायाचा वेश करून पहाऱ्यातून सुटका करून घेतली आणि महादेवाच्या डोंगरांत आसरा घेतला. महादेवाचे डोंगर म्हणजे पचमढीभोवतीची रांग. तिथल्या गोंड सरदारांनी त्यांना महिनोन्‌महिने सांभाळले. इंग्रज तुकड्या दऱ्याखोरी पिंजत असतानाही ते सापडले नाहीत. १८१९ च्या आरंभी ते असिरगडाकडे निसटले आणि पुढे दूर जोधपुरात १८४० मध्ये वारले. राज्य गमावलेल्या नागपूरकर राजाला जंगलातल्या लोकांनी जीव पणाला लावून लपवले, ही गोष्ट पचमढीच्या आजच्या माहितीफलकांवर ठळकपणे असायला हवी.

आप्पासाहेबांच्या पाडावानंतर गाविलगड आणि नरनाळाही भोसल्यांच्या हातून गेले. १८२२ च्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा हा सारा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, निजामाच्या ताब्यात पक्का झाला आणि पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचे पठार हेरले. या दोन घटना एकमेकींना इतक्या लागून आहेत याचे कारण साधे आहे. निजामाच्या खर्चाने चालणारी, इंग्रज अधिकाऱ्यांची फौज अचलपूरला, त्या वेळच्या एलिचपूरला, तळ देऊन होती आणि तिच्या आजारी अधिकाऱ्यांसाठी जवळपास थंड जागा हवी होती. चिखलदरा या नावाबद्दल स्थानिक समजूत अशी की भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, त्यावरून कीचकदरा आणि मग चिखलदरा. भीमकुंडाचे नावही याच कथेतले.

पचमढीला गोरे उशिरा पोहोचले. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत तयार केला गेला आणि त्याची राजधानी नागपूर ठरली. त्याआधी १८५८ च्या शरदात तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरांत आले होते, तेव्हा इथल्या आदिवासी जहागीरदारांपैकी काहींनी त्यांना साथ दिली. १८५७ च्या त्या बंडाची धग विझल्यावर, १८६२ मध्ये, बंगाल स्टाफ कोअरचा कॅप्टन जेम्स फोर्सिथ पठारावर आला. त्याच्याकडे जंगलांची पाहणी आणि राखणदारीचे काम होते. त्याने बांधलेला बायसन लॉज ही पचमढीतली सर्वांत जुनी इमारत आजही उभी आहे. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाले आणि त्याने या पठाराची ख्याती इंग्लंडपर्यंत नेली. गिरिस्थानाचा 'शोध' फोर्सिथने लावला असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. कोरकू आणि गोंड आदिवासी तिथे राहतच होते, आणि महादेवाच्या गुहेकडे यात्रा चालूच होत्या.

एकाच पर्वतात दोन गिरिस्थाने का, याचे उत्तर आता स्पष्ट होते. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. पण कायद्याने ते निजामाचेच राहिले आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. नागपूर मात्र थेट कंपनी सरकारचे आणि पुढे राणीचे झाले. वर्धा नदीच्या दोन काठांवर दोन वेगळी सरकारे होती. वऱ्हाडच्या साहेबांनी चिखलदरा धरला, मध्य प्रांताच्या साहेबांनी पचमढी. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत दवाखाना, चर्च, क्लब आणि बंगले उभे केले. पचमढीचे क्राइस्ट चर्च १८७५ चे आहे. युरोपातल्यासारखी थंडी, युरोपातल्यासारखी बाग आणि संध्याकाळचा तसाच फेरफटका या दोन्ही पठारांवर निर्माण करण्याचा हा प्रयत्न होता. चिखलदऱ्यात कॉफीची लागवडही झाली आणि महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण अशी त्याची ओळख आजही सांगितली जाते.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले. आता दोन्ही डोंगर नागपूरच्या सरकारच्या हाताखाली आले. निवड करण्याची पहिली वेळ ती होती, आणि सरकारने आधीच चाललेली पचमढीच कायम ठेवली. उन्हाळ्यात प्रांतप्रमुख, सचिव, फायली, कारकून, शिपाई असा सारा लवाजमा तिथे हले. चिखलदरा वऱ्हाडच्या जिल्हा अधिकाऱ्यांपुरता उरला. रस्त्याच्या सोयीने पाहिले तर हा निर्णय नवलाचा वाटतो. मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली तेव्हापासून बडनेऱ्यापर्यंत आगगाडी होती. १९१३ मध्ये मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज, जिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले, चिखलदऱ्याच्या पायथ्याजवळ गेली. पचमढीचे जवळचे स्थानक पिपरिया, इटारसी–जबलपूर मार्गावर. नागपूर–इटारसी थेट मार्ग १९२० च्या दशकात पुरा होईपर्यंत ब्रॉडगेज रेल्वेने पिपरियाला जाण्यासाठी भुसावळ आणि खंडव्याचा वळसा घ्यावा लागे, म्हणजे ७०० किलोमीटरहून जास्त प्रवास. तरीही पचमढीच राहिली. तिचे पठार मोठे आणि बशीसारखे खोलगट आहे, पाणी मुबलक आहे, आणि एका संपूर्ण सरकारला मावेल इतकी जागा तिथे होती. चिखलदऱ्याचा माथा अरुंद आहे आणि तिथली पाण्याची टंचाई जुनीच आहे.

नागपूरचे राजकारण पचमढीत किती गुंतले होते हे १९३८ च्या उन्हाळ्यात दिसले. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले होते आणि डॉ. नारायण भास्कर खरे त्याचे पंतप्रधान होते. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. मराठी आणि हिंदी भागांतल्या मंत्र्यांचे पटेना. रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र एका बाजूला, डॉ. खरे दुसऱ्या. मे महिन्यात सरकार पचमढीलाच असल्याने काँग्रेसचे वरिष्ठ नेते समेटासाठी तिथे गेले आणि २४ मे रोजी मंत्र्यांमध्ये तडजोड झाली. ती दोन महिनेही टिकली नाही. जुलैत डॉ. खरे यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवण्याचा प्रयत्न केला, काँग्रेस श्रेष्ठींनी तो मोडून काढला, आणि शुक्ल पंतप्रधान झाले. पुढे १८ वर्षांनी जे राज्य भाषेच्या रेषेवर दुभंगले, त्याची तडे जाणारी जागा पचमढीच्या त्या बैठकीत उघडी पडली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरचे राजधानीपद संपले. त्याबरोबर पचमढीही गेली. नागपूरच्या सचिवालयात नोकरी केलेल्या घरांत पचमढीचे बंगले, तिथले रस्ते, धूपगडावरचा सूर्यास्त यांच्या आठवणी होत्या. आता ते सारे सीमेपलीकडे होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा विदर्भाच्या वाट्याला एकच गिरिस्थान उरले, चिखलदरा. महाबळेश्वर आणि माथेरान नागपूरहून इतके दूर होते की तीन दिवसांच्या सुट्टीत त्यांचा विचारही शक्य नव्हता. चिखलदऱ्याकडे राज्याचे लक्ष गेले ते या नव्या नकाशामुळे. पण महाराष्ट्राचे राजकीय आणि आर्थिक केंद्र पश्चिमेला असल्याने ते लक्ष अपुरेच राहिले. विदर्भाच्या एकमेव गिरिस्थानाला पुरेसे पाणी आणि चांगला घाटरस्ता यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागावी, ही गोष्ट उपेक्षेखेरीज दुसऱ्या कशाने समजावता येत नाही.

शरदातली सहल ही या इतिहासातली सर्वांत नवी गोष्ट आहे. इंग्रजांचा गिरिस्थानी जाण्याचा काळ एप्रिल ते जून होता आणि शिकारीचा डिसेंबरपासून पुढे. मधला काळ, म्हणजे पाऊस ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंतचा, ते टाळत. चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटात आणि बाकीच्या सातपुड्याच्या जंगलांत या दिवसांत हिवताप हमखास गाठे. कुजणाऱ्या पाल्यातून दूषित वाफा निघतात आणि त्यांनी ताप येतो, असा समज होता. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखवले तेव्हा खरे कारण कळले, पण कारण कळल्याने डास कमी झाले नाहीत. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन घराघरांत डीडीटीची फवारणी होऊ लागली, तेव्हा कुठे ऑक्टोबरातले जंगल घरच्या मंडळींना घेऊन जाण्यासारखे झाले. डोंगरात राहणाऱ्या कोरकूंना मात्र हिवतापाने नंतरही बराच काळ सोडले नाही. मेळघाटातील कुपोषण आणि बालमृत्यूंची चर्चा करताना हा धागा विसरता येत नाही.

शरदात हवापालटासाठी बाहेर पडण्याची रीत भारतात सर्वांत आधी रुजली ती बंगाली मध्यमवर्गात. दुर्गापूजेच्या सुट्टीत रेल्वेने 'पश्चिमे'ला जायचे ही त्यांची सवय होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने बंगाली नोकरदार नागपुरात आणले, आणि कळमन्यावरून जाणारा लोहमार्ग त्याच कंपनीचा. मराठी घरांत मात्र दिवाळी म्हणजे गावी जाणे किंवा पाहुण्यांना बोलावणे. दिवाळीत घर बंद करून डोंगरावर जाण्याची कल्पना नोकरदारांची संख्या वाढली, शाळांची सहामाही सुट्टी ठरून गेली आणि एसटीचे जाळे पसरले तेव्हा रुजली. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला नियमित गाडी जाऊ लागल्याने स्वतःची मोटार नसलेल्या कुटुंबांनाही डोंगर जवळ आला. पचमढीच्या बाजूने मध्य प्रदेशाचे परिवहन महामंडळ या शतकाच्या पहिल्या दशकात गुंडाळले गेले. तेव्हापासून तिथली वाहतूक खासगी गाड्यांवर चालते.

पचमढीशी नागपूरचा जो संबंध राज्याच्या सीमेने तुटला नाही तो देवाचा. विदर्भातल्या खेड्यांतून महाशिवरात्रीला 'मोठ्या महादेवा'ला जाणाऱ्यांच्या रांगा लागतात आणि नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन लोक चौरागड चढतात. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वाराची यात्रा भरते. वर्षातून दहा-बारा दिवसच उघडणारी ही जंगलवाट चालणाऱ्यांत बहुसंख्य विदर्भातले असतात आणि वाटेत त्यांना जेवू घालणारी सेवा मंडळेही बरीचशी नागपूरचीच. शेतकरी, हमाल, भाजीवाले यांनी पचमढी पाहिली ती या यात्रांमुळे, बंगल्यांमुळे नव्हे. त्यांच्या मुलांनी तीच वाट पुढे शरदातल्या सहलीसाठी धरली. पचमढीला नागपूरची गिऱ्हाइकी कायम राहिली त्यामागे ही यात्रेची ओळख सर्वांत मोठी आहे.

दोन्ही ठिकाणांचा शरद वेगवेगळा असतो आणि त्याचे मूळ दगडात आहे. पचमढी वालुकाश्मावर वसली आहे. हा खडक पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि सावकाश सोडतो, म्हणून बी फॉल, अप्सरा विहार हे प्रवाह दिवाळीनंतरही वाहतात. चिखलदरा काळ्या बेसाल्टवर आहे. पाणी त्यावरून झरझर उतरून जाते; भीमकुंडाचा धबधबा पाहायचा तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठावा लागतो. चिखलदऱ्याचा शरद दऱ्यांचा आहे. पंचबोल पॉइंटवर हाक दिली की ती कड्यांवरून परत येते, गाविलगडाचे बुरूज ओल्या गवतात उभे असतात, आणि वैराटच्या माथ्यावरून मेळघाटाचे सागवान दूरवर पसरलेले दिसते. पचमढीत साग आणि साल ही दोन्ही जंगले एकमेकांना भेटतात. युरोपात शरद हा पानगळीचा ऋतू; तिथे पाने तांबडी-पिवळी होताना पाहायला प्रवासी जातात. सातपुड्यात पानगळ शिशिरात, फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि शरदात जंगल सर्वांत दाट असते.

व्याघ्रसंरक्षणाने दोन्ही ठिकाणांची वाढ आता एका मर्यादेत बांधली आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट हा एक, १९७४ मध्ये जाहीर झालेला. पचमढीभोवती १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र झाले. २००९ मध्ये युनेस्कोने या राखीव क्षेत्राला आपल्या जागतिक जाळ्यात सामील केले.  चिखलदऱ्यात सिडकोने दरीवर काचेच्या स्कायवॉकचे काम हाती घेतले आणि त्यामुळे गर्दीचा ओघ तिकडे वळेल अशी आशा बांधली गेली. मध्य प्रदेशातील राष्ट्रीय उद्याने पावसाळ्याचे तीन महिने बंद राहून १ ऑक्टोबरला उघडतात. पचमढीतल्या जंगलातल्या जागांसाठी वनखात्याचे प्रवेशपत्र आणि भाड्याची जिप्सी घ्यावी लागते, त्यामुळे तिथला खर्च चिखलदऱ्यापेक्षा वाढतो. अमरावती, अकोल्याकडची कुटुंबे सहसा चिखलदरा निवडतात. कामठी, सावनेर आणि नागपूरच्या पूर्व-उत्तर भागातली पचमढीकडे झुकतात.